मागच्या सीटवरचा न्यूटन

गतीचे तीन नियम आपण नववीत घोकले, पेपरात उतरवले आणि दहावीच्या नादात विसरून गेलो. ते मात्र आपल्याला विसरलेले नाहीत. बस, लिफ्ट, बाइक, कॅब... घर ते ऑफिस रोज ते आपल्याबरोबरच असतात. बहुतेक वेळा हसतखेळत, कधी कधी अजिबात नाही.

कचकन ब्रेक मारणारा बसड्रायव्हर हा या शहरातला फिजिक्सचा सगळ्यात प्रामाणिक मास्तर आहे. सकाळी साडेनऊची खच्चून भरलेली बस, मध्येच आडवी घुसलेली रिक्षा, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर आणि आख्खी बस एकसाथ पुढे वाकून त्याला नमस्कार करते! कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत, कुणाचा डबा कुणाच्या पायावर. मग 'अहो, ढकलताय काय?' सुरू होतं. खरं सांगायचं तर कुणीच कुणाला ढकललेलं नसतं. बस थांबली, माणसं थांबली नाहीत, एवढंच.

नऊ ते साडेनऊचा सिलॅबस

हाच न्यूटनचा पहिला नियम. जे स्थिर आहे ते स्थिर राहणार, जे चाललंय ते त्याच वेगानं सरळ रेषेत चालत राहणार, बाहेरून कुणी जोर लावेपर्यंत. 1687 साली 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात सर आयझॅक न्यूटननं हे मांडलं, तेव्हा ना बस होती ना लोकल. पण नियम सगळ्यांना लागू. लोकल पूर्ण थांबायच्या आधीच फलाटावर पाय टाकणाऱ्याला कधी बघितलंय? त्याचे पाय फलाटाला टेकून थांबतात, धड मात्र अजून गाडीच्याच वेगात असतं. म्हणून तो चार पावलं धावतो. धावता आलं नाही, तर तोंडावर आपटतो.

दुसरा नियम ऑफिसच्या लिफ्टमध्ये भेटतो. एखाद्या वस्तूचा वेग बदलायचा तर जोर लागतो. वस्तू जितकी जड आणि बदल जितका झटपट, तितका जोर जास्त. लिफ्ट वर जायला निघते तेव्हा क्षणभर आपण जड झाल्यासारखं वाटतं, ते याचमुळे. घरचा वजनकाटा लिफ्टमध्ये नेला (लोक बघतील, पण न्या), तर 60 किलोच्या माणसाला निघतानाच्या त्या सेकंदाला 66 वगैरे आकडा दिसू शकतो. डाएटचा काही संबंध नाही. तुम्हाला वेगात आणण्यासाठी लिफ्टची जमीन तुम्हाला थोडा जास्त जोर लावून वर ढकलत असते.

आणि तिसरा नियम तर आपण पावलापावलाला वापरतो. प्रत्येक क्रियेला तितकीच आणि उलट दिशेनं प्रतिक्रिया. चालताना आपण जमिनीला मागे ढकलतो, जमीन आपल्याला पुढे ढकलते. पावसाळ्यात ऑफिसच्या लॉबीतल्या ओल्या गुळगुळीत फरशीवर हा व्यवहार फिसकटतो. घर्षणच नसेल तर ढकलणार कशाला? मग नवे फॉर्मल शूज घातलेले साहेब थेट सिक्युरिटी गार्डच्या टेबलापाशी पोचतात.

इथवर सगळं मजेचं आहे. गंमत अशी, की रोजच्या या छोट्या छोट्या डोसमुळे आपली एक समजूत होऊन बसते. ब्रेक लागला, की आपण दांडा धरतो आणि निभावतं. पुढच्या सीटला हात लावतो आणि निभावतं. 'मी सावरेन' हा आत्मविश्वास त्यातून येतो. तो खोटा नाही. फक्त तो कमी वेगापुरता आहे.

माणसाचं शरीर माणसाच्याच वेगासाठी घडलंय. आपण चालतो ताशी 5 किलोमीटरनं. जीव तोडून धावलो तर 20-25. जगातला सगळ्यात वेगवान माणूस उसेन बोल्ट, 2009 मध्ये त्यानं 100 मीटर 9.58 सेकंदांत संपवले, तेव्हा त्याचा कमाल वेग ताशी 44-45 किलोमीटरच्या आसपास होता. हायवेवर आपली कॅब बोल्टच्या दुप्पट वेगानं धावत असते आणि आपण आत बसून इन्स्टावर रील बघत असतो. हात-पाय, डोळे, प्रतिक्षिप्त क्रिया... यातलं काहीही त्या वेगासाठी बनलेलं नाही.

वेगाचं मजल्यांत भाषांतर

वेगाची खरी भीती आपल्याला वाटत नाही. उंचीची मात्र वाटते. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीला कठडा नसेल, तर आपण कडेला जाणारच नाही. म्हणून मी एक सोपी युक्ती वापरते. गाडीच्या वेगाचं उंचीत भाषांतर करायचं. म्हणजे, किती उंचीवरून पडलं तर जमिनीवर आदळताना तेवढाच वेग असेल?

शाळेतलंच सूत्र आहे, हवेचा अडथळा सोडून द्या. एक मजला साधारण 3 मीटरचा धरला, तर उत्तरं अशी येतात:

ताशी 36 किलोमीटर: 5 मीटर, म्हणजे पावणेदोन मजले.
ताशी 50: जवळपास 10 मीटर, तिसरा मजला.
ताशी 70: 19 मीटर, सहावा मजला.
ताशी 100: 39 मीटर, तेरावा मजला!

पन्नासवरून शंभरवर गेलं की वेग दुप्पट होतो, उंची मात्र चौपट. कारण टकरीत जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्पीडोमीटरचा काटा हे सांगत नाही. तो बिचारा सरळ हिशोबानं फिरतो.

आता तुम्ही म्हणाल, गाडीत बसणं म्हणजे काय तेराव्या मजल्यावरून उडी मारणं आहे का? अर्थातच नाही. वेगानं माणूस मरत नाही. विमानात आपण ताशी 800 किलोमीटरनं जातो आणि वर सँडविच खातो. प्रश्न वेगाचा नाही, थांबण्याचा आहे. आणि थांबण्यासाठी किती अंतर मिळतं याचा आहे.

इथे एकच भागाकार लक्षात ठेवायचा. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. उत्तर येतं ते म्हणजे तुमच्या वजनाच्या किती पट जोर तुमच्यावर सरासरी बसणार. उंच उडीचा खेळाडू जाड गादीवर पडतो आणि हसत उठतो. तीच उडी फरशीवर मारली तर हॉस्पिटल. उंची तीच, अंतर बदललं.

'मागे कोण लावतं, मॅडम?'

हा भागाकार कॅबमध्ये करून बघू. ताशी 50 किलोमीटर, शहरातला नेहमीचा वेग. गाडी समोर कशावर तरी आदळली. गाडीचा पुढचा भाग चेपतो, तो मुद्दाम चेपण्यासाठीच बनवलेला असतो. समजा बॉनेट चेपणं आणि बेल्ट थोडा ताणला जाणं मिळून तुम्हाला थांबायला 70 सेंटिमीटर मिळाले. 10 मीटर भागिले 0.7, म्हणजे साधारण 14. तुमच्या वजनाच्या 14 पट. 60 किलोच्या माणसावर 840 किलोचा जोर, सेकंदाच्या दहाव्या हिश्शापुरता. ऐकायला भयंकर आहे, पण तो कंबरेच्या आणि छातीच्या मजबूत हाडांवर पसरतो. जखम होईल, पण माणूस बहुधा बोलता-चालता बाहेर येईल.

आता बेल्ट काढा. गाडी थांबली. तुम्ही नाही. बसमधल्यासारखंच, फक्त वेग ताशी 50. गाडी चेपल्याचा फायदा गाडीला मिळाला, तुम्हाला नाही. तुम्ही थांबणार ते पुढच्या सीटच्या पाठीवर, डॅशबोर्डवर किंवा काचेवर, समजा 10 सेंटिमीटरमध्ये. 10 भागिले 0.1, म्हणजे 100 पट. सहा टन. तोही डोक्यावर, मानेवर, जिथे लागेल तिथे. 'मी हातानं सावरेन' म्हणणाऱ्यांनी जिममध्ये किती किलोचं बेंचप्रेस मारतो ते आठवावं.

रात्री उशिरा ऑफिस सुटलं की मी कॅबच करते. मागे बसल्यावर बक्कल शोधणं हा माझा नेहमीचा कार्यक्रम. पट्टा लोंबत असतो, पण तो जिथे अडकवायचा ते बक्कल गायब. 'दादा, मागचा बेल्ट कुठंय?' असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. 'आहे की मॅडम, कव्हरच्या खाली गेला असेल. पण मागे कोण लावतं? पोलीस पुढंच बघतात.'

दादांचं निरीक्षण चुकीचं नाही. आपल्याकडे बेल्ट ही पोलिसांना दाखवायची वस्तू आहे. पण न्यूटन फक्त पुढच्या सीटवर बसत नाही. 4 सप्टेंबर 2022. रविवार दुपार. अहमदाबादहून मुंबईकडे येणारी महागडी, सुरक्षिततेसाठी नावाजलेली गाडी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला धडकली. गाडीत चौघं होते. पुढच्या सीटवरचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरचे दोघं गेले. त्यातले एक होते टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

तेव्हा टीव्हीवर चार दिवस चर्चा झाली. 1 नोव्हेंबर 2022 पासून मुंबईत गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा असल्याचं ट्रॅफिक पोलिसांनी जाहीर केलं. मागच्या प्रवाशांनी बेल्ट लावायचा नियम तर देशात त्याच्या कितीतरी आधीपासून होता. आज कुठल्याही सिग्नलला उभं राहून शेजारच्या गाड्यांच्या मागच्या सीटवर नजर टाका. किती पट्टे दिसतात ते तुम्हीच मोजा.

अजून एक गोष्ट. मागचा बिनबेल्टचा माणूस फक्त स्वतःचा जीव धोक्यात घालत नाही. टकरीच्या क्षणी तो 60 किलोचा गोळा होऊन पुढच्याच्या पाठीवर आदळतो. पुढे तुमचा जिवलग मित्र बेल्ट लावून शहाण्यासारखा बसलेला असतो, आणि त्याला मागून तुम्ही!

आणि बाळ मांडीवर घेऊन बसणं? 10 किलोचं मूल, 14 पट, म्हणजे 140 किलो. ते एका झटक्यात हातांत धरून ठेवायचं. यात मायेचा प्रश्न नाही. जगातल्या कुठल्याच आई-बाबांच्या हातांना हे जमणार नाही. लहान मुलांसाठी वेगळी चाइल्ड सीट मिळते ती याचसाठी.

पट्ट्याच्या आत कोण आहे?

बेल्टची मजा बघायची असेल, तर गाडी उभी असतानाच बघा. पट्टा हळू ओढा, निमूट बाहेर येतो. झटका देऊन ओढा, खटकन अडकतो. शिवाय त्याच्या रिळाजवळ एक छोटा लोलक किंवा गोळी असते. गाडीचा वेग एकदम कमी झाला, की ती गोळी बसमधल्या प्रवाशांसारखीच पुढे जाते आणि रिळाला खटका लावते. म्हणजे जो नियम तुम्हाला पुढे फेकतो, त्याच नियमावर तुम्हाला धरून ठेवणारं यंत्र चालतं. आहे की नाही भारी?

खांद्यावरून आणि कंबरेवरून जाणारा आजचा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोचे इंजिनीअर निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये आणला. त्याआधी ते विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचे. कंपनीनं हे पेटंट इतर गाडीवाल्यांना खुलं करून दिलं. म्हणूनच आज कुठल्याही गाडीत बसलात तरी हात त्याच जागी जातो.

'पण माझ्या गाडीत एअरबॅग आहेत ना!' हा पुढचा डायलॉग. स्टिअरिंगजवळ बारीक अक्षरात 'एसआरएस' लिहिलेलं असतं. त्यातला पहिला एस म्हणजे 'सप्लिमेंटल', म्हणजे पूरक. पूरक कशाला? बेल्टला. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. बेल्टनं तुम्हाला जागेवर धरलेलं असेल तर ती उशी. नाही तर तुम्ही जोरात तिच्याकडे जाताय आणि ती जोरात तुमच्याकडे येतेय. तिसरा नियम मग दोघांचाही हिशोब चुकता करतो.

गल्लीतल्या गल्लीत

हेल्मेटवरून पुण्यात जितका वाद झालाय, तितका बहुधा मिसळीवरूनही झाला नसेल. त्यातला लाडका युक्तिवाद म्हणजे 'मी काय फास्ट चालवतो का? इथे गल्लीतल्या गल्लीत जायचंय.' चला, तोच भागाकार. स्कूटर अगदी उभी आहे, वेग शून्य. तुम्ही तोल जाऊन आडवे झालात. डोकं दीड मीटरवरून खाली येतं. डांबर काही चेपत नाही, कवटी नि कातडी मिळून समजा 3 मिलिमीटरचं अंतर देतात. दीड मीटर भागिले 3 मिलिमीटर, म्हणजे 500 पट.

हेल्मेटच्या आत तो पांढरा थर्मोकोलसारखा थर असतो ना, खरं काम त्याचं. तो चेपून अडीच सेंटिमीटर देतो असं धरा. 500 चं झालं 60. एवढाच सगळा खेळ आहे. अडीच सेंटिमीटर. बाहेरचं चकचकीत कवच, त्यावरची ज्वाळांची नक्षी हा नंतरचा भाग. रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या टोपीसारख्या पातळ हेल्मेटमध्ये हा थर जवळजवळ नसतोच, म्हणून आत बघून घ्या. आयएसआयचा शिक्का आणि आयएस 4151 हा आकडा आहे ना, तेही बघा. आणि पट्टा लावा. न लावलेलं हेल्मेटही पहिला नियम पाळतं. डोकं थांबतं, ते पुढे निघून जातं.

एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं, तरी आतला थर चेपलेला असतो. तो परत फुगत नाही. भावनिक न होता नवं घ्यायचं.

चौदा मिनिटांची किंमत

आता वीकेंडकडे वळू. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, लांबी साधारण 95 किलोमीटर. घाट, टोल, ट्रॅफिक सगळं विसरून कागदावरच हिशोब केला, तर ताशी 80 नं तो 71 मिनिटांत संपतो आणि ताशी 100 नं 57 मिनिटांत. वाचली 14 मिनिटं. लोणावळ्याला चहा-वडापावसाठी थांबलं, की संपली!

आता या 14 मिनिटांच्या बदल्यात काय दिलं ते बघा. दोन गाड्या शेजारी शेजारी धावतायत. एक 80 नं, दुसरी 100 नं. दोघींच्या पुढे 58 मीटरवर अचानक बंद पडलेला ट्रक दिसतो. दोन्ही ड्रायव्हर तितकेच तरबेज, दोघांनाही ब्रेकवर पाय जायला 1 सेकंद लागतो. रस्ता कोरडा, टायर चांगले.

80 ची गाडी त्या सेकंदात 22 मीटर जाते, ब्रेक लागल्यावर आणखी 36 मीटर घेते आणि ट्रकला जेमतेम शिवता शिवता थांबते. ड्रायव्हर देवाचं नाव घेतो.

100 ची गाडी त्याच एका सेकंदात 28 मीटर खाते. ब्रेकसाठी उरले 30. ती त्याच जागी ट्रकवर आदळते, तेव्हा तिचा वेग असतो साधारण ताशी 68 किलोमीटर. 28 नाही, 20 नाही, 68! मजल्यांत सांगायचं तर सहावा मजला. फरक फक्त 20 चा होता असं वाटतं, पण वर्गाचा हिशोब असा दगा देतो.

हे कोरड्या रस्त्याचं झालं. पावसात ब्रेकचं अंतर दीडपट ते दुप्पट होऊ शकतं. टायर गुळगुळीत असतील तर विचारूच नका. आणि मोबाइल? ताशी 100 असताना दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं, तर गाडी 56 मीटर पुढे गेलेली असते. लोकलचे जवळपास तीन डबे. एवढं अंतर तुम्ही डोळे मिटून गाडी चालवलीत, आणि मेसेज काय, तर 'ओके'.

आज घरी जाताना

फिजिक्सचा पेपर पुन्हा द्यायचा नाहीये. एवढंच करा:

– कॅबमध्ये बसल्या बसल्या बक्कल शोधा. कव्हरखाली असेल तर ड्रायव्हरदादांना गाडी निघायच्या आधी काढून द्यायला सांगा. मिळालंच नाही, तर दुसरी कॅब मागवा. पाच मिनिटं उशीर होईल, चालेल.
– कंबरेचा पट्टा पोटावर नको, खाली कंबरेच्या हाडावर हवा. खांद्याचा पट्टा काखेतून घेऊ नका. टोचतो म्हणून सैल तर मुळीच नको. सैल पट्टा म्हणजे थांबण्याचं अंतर फुकट घालवणं.
– लॅपटॉपची बॅग मागच्या काचेपाशी ठेवू नका. 4 किलोची बॅग ताशी 50 नं डोक्यात बसली तर अप्रेझलची काळजीच मिटेल. ती खाली पायाशी किंवा डिकीत.
– पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर. ती ज्या खांबाजवळून गेली, तिथे तुम्ही दोन सेकंदांनी पोचायला हवं. पावसात चार.
– हेल्मेट स्वतःला घ्याल तेव्हा मागे बसणाऱ्यासाठीही घ्या. तिचं किंवा त्याचं डोकंही तेवढ्याच उंचीवर असतं.
– ड्रायव्हर फोनवर बोलत असेल तर सांगा, 'दादा, बोलून घ्या, मग निघू.' बहुतेक जण ऐकतात.

ऑफिसच्या ग्रुपनं गाडी काढून फिरायला जाताना मी हल्ली एकच हट्ट धरते. पाचही जणांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. सुरुवातीला 'आली आमची हेडबाई' म्हणून टिंगल झाली. मग मी त्यांना तिसऱ्या मजल्याचं गणित सांगितलं. मधल्या सीटवरचा मुकाट्यानं बक्कल शोधायला लागला.